विदाकची मिशी आणि बंद झडप

आमच्या डोंगरात माणूस एक वेळ जमीन गहाण टाकेल, पण मिशी नाही. म्हणून वरच्या आळीच्या विदाकने चारचौघांत मिशी पणाला लावली, तेव्हा शेळ्यासुद्धा चरायच्या थांबल्या.

युगोस्लाव्हिया होता तेव्हाची गोष्ट. कोणीतरी देशावर चालून येणार असं राजधानीला सारखं वाटायचं. म्हणून दर शरदात आम्ही टक्कल पडलेले, पोट सुटलेले गावकरी सोसायटीच्या गोदामातून रायफली काढायचो आणि चुना फासलेल्या दगडांवर गोळ्या झाडायचो. दगड कधी हरले नाहीत.

त्या वर्षी तपासणीला शहरातून कर्नल येणार होता. आदल्या दिवशी विदाकच्या अंगणात आम्ही रायफली धुवायला बसलो. आमच्या काडतुसांची काजळी खारट, आत राहिली की गंज चढलाच. नळीच्या वर एक छोटी नळी असते. गोळीमागचा धूर तिच्यात शिरतो, दट्ट्याला मागे ढकलतो, आणि रायफल आपली आपण पुढचं काडतूस चढवते. ती नळी दट्ट्यासकट काढून साबणाच्या उकळत्या पाण्यात टाकायची. कढई अर्थातच विदाकच्या बायकोची, स्तानियाची.

“ह्यात मी उद्या मक्याचं पीठ कसं शिजवू?” ती म्हणाली.

“शिजव की. युद्धाची चव येईल.”

“तुला कुठली माहीत युद्धाची चव? सैन्यात बटाटे तर सोललेस.”

कुंपणावर बसलेला खालच्या आळीचा गोलुब खिदळला. “विदाक, नळी सोडवायचा तो खटका जपून उचल हो. गेल्या वर्षी जास्त उचललास आणि आतली दांडी स्प्रिंगसकट उडून सासऱ्याच्या तसबिरीत घुसली.”

“सासरा काही बोलला का? नाही ना? मग तू का बोलतोस?” विदाकने मिशीला पीळ दिला. “ऐक, गोलुब. उद्या ही रायफल दहाच्या दहा गोळ्या न अडता झाडेल. अडली, तर ही मिशी तुझ्या हातानं उतरव.”

“आणि नाही अडली तर?”

“तर चौकात उभा राहून म्हण, खरी माणसं वरच्या आळीतच जन्मतात.”

“मेंढ्यांच्या कात्रीला आजच धार लावतो,” गोलुब म्हणाला.

आमच्या रायफलीला एक जादा झडप होती. नळीच्या तोंडावर बाँब लावून उडवायचा असेल तर ती बंद करायची. मग धूर वर शिरत नाही, सगळा जोर बाँबला मिळतो. गावात बाँब कधी आलाच नाही. झडप मात्र दरसाल घासायचा हुकूम होता. विदाकने ती दाबली, फिरवली, राखेने घासली, आणि इतकी चकचकीत केली की तिच्यात मिशी न्याहाळून घेतली. मिशीच्या नादात झडप उघडायची राहून गेली.

“जोडलीस तर एकदा चालवून बघ,” स्तानिया म्हणाली.

“शंका असते तो बघतो.”

दुसऱ्या दिवशी कर्नल आला. जाडा, धापा टाकणारा, एक डोळा विस्तवावर भाजत असलेल्या मेंढीवर. आमचा कमांडर ओब्राद त्याच्या शेजारी खांबासारखा ताठ. हा ओब्राद विदाकच्या पोराचा धर्मबाप. आमच्याकडे हे नातं रक्तापेक्षा जड. धर्मपुत्राच्या घरची अब्रू ती धर्मबापाची अब्रू.

विदाकने पहिली गोळी झाडली. दगडाला चाटूनही गेली नाही, पण आवाज दणदणीत झाला. दुसऱ्यांदा चाप ओढला. रायफल गप्प. त्याने बाजूची दांडी हाताने ओढून काडतूस चढवलं, झाडली. पुन्हा गप्प. पुन्हा ओढली. मागून कात्रीचा आवाज आला, कच् कच्. गोलुब हवा कातरत होता.

“हा काय प्रकार आहे?” कर्नल म्हणाला.

ओब्रादने झडपेकडे पाहिलं, मग विदाकच्या मिशीकडे, आणि टाचा जुळवल्या. “कॉम्रेड कर्नल, ही आमची काटकसरीची पद्धत. झडप बंद. प्रत्येक गोळीआधी सैनिक विचार करतो.”

“सगळेच असं करतात?”

“सगळेच!” ओब्राद आमच्याकडे वळून गरजला, “झडपा बंद!”

मग आम्ही सगळे, खालच्या आळीसकट, घामाघूम होऊन दांड्या ओढत बसलो. गोलुबसुद्धा, कात्री काखेत धरून. कर्नल खूश झाला. मेंढीची मांडी संपवून त्याने ही पद्धत शेजारच्या गावांनाही लागू केली. त्यानंतर कित्येक वर्षं शत्रूने बिचाऱ्याने एकेका गोळीची वाट पाहायची, असं ठरलं.

संध्याकाळी गोलुब कात्री घेऊन आला. “मिशी.”

“रायफल अडली कुठे? हुकमाप्रमाणे चालली,” विदाक म्हणाला. पंच ओब्रादच. त्याने घसा खाकरून विदाकच्या बाजूने निकाल दिला.

मिशी वाचली. पण गुत्त्यात विदाकच्या पेल्यात थेंबभरच दारू पडू लागली. “झडप बंद आहे,” गुत्तेवाला म्हणायचा. पोरंटोरं मिशीला सलाम ठोकायची. शेवटी स्तानियाने अंथरूण वेगळं घातलं. “ती मिशी आता सरकारी आहे. सरकारी मालाला मी हात लावत नाही.”

एका रविवारी, चर्चमधून माणसं परतत असताना, भर उजेडात विदाक गोलुबच्या अंगणात गेला आणि मेंढ्या कातरायच्या ओट्यावर बसला.

“काप.”

“काय?”

“काप म्हणतो ना! हरलो मी. झडप मीच बंद ठेवली होती.”

गोलुबने खिळ्यावरची कात्री काढली, अंगठ्यावर धार पाहिली. आम्ही सगळे कुंपणाशी थांबलो. मग त्याने कात्री परत खिळ्याला अडकवली.

“नको रे बाबा. कमांडरचा निकाल, कर्नलचा हुकूम. तो मोडून मी तुरुंगात जाऊ? लेखी आण, मग बघू.”

“गोलुब, हात जोडतो.”

“जा घरी, कॉम्रेड. जपून जा. सरकारी माल आहे.”

स्वतःच्या वस्तऱ्याने विदाकला ती केव्हाही काढता आली असती, पण पैज गोलुबच्या हाताने उतरवायची होती, आणि आमच्या डोंगरात त्याशिवाय ती फिटत नाही. विदाकने ती मिशी मरेपर्यंत वागवली, दोन्ही टोकं खाली लोंबलेली. आणि दर शरदात, आम्ही कढईभोवती बसलो की गोलुब कुंपणावर बसून सावकाश कात्रीला धार लावायचा.