मी साफ केलेला काळा थर

मला घाण काम खपत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. सोळा वर्षं मी उत्तरेच्या थंड मुलुखात वाळू-गोट्यांच्या एकाच खाणीवर पोकलेन चालवला. वरची दगडाळ चिकणमाती काढायची, तिच्याखाली वीतभर काळी माती लागायची तीही खरवडायची, मग खाली माल. मालात काळं मिसळलं की ट्रक परत यायचा. म्हणून मी ती इतकी साफ काढायचो की मालक नव्या ऑपरेटरांना माझं काम दाखवायला घेऊन यायचा.

खाण संपली. शनिवारी तिच्यात पाणी सोडून तळं करायचं ठरलं, आणि बुधवारी माझी मेहुणी हजर झाली. ही बायकोची धाकटी बहीण हिमयुगांवर संशोधन करते. तिचं म्हणणं, इथे बर्फ दोनदा आला. वरची चिकणमाती एका हिमनदीने आणून टाकलेली, मालाच्या तळाशी लागते ती तिच्या कितीतरी आधीच्या दुसरीने. मधल्या काळात इथे छान ऊन होतं, झाडंझुडपं होती, त्यांचीच ती काळी माती. तिचे सर म्हणत, बर्फ एकदाच आला, काळी माती कुठून तरी घसरत आली, उगाच फाटे फोडू नकोस. काळा थर जागेवर दाखवता आला तर तिचा प्रबंध उभा राहणार होता, नाहीतर चार वर्षांची मेहनत वाया.

"भावोजी, तो काळा थर कुठे आहे?" तिने विचारलं.

मी छाती फुगवून सांगितलं की चिमूटभरही शिल्लक ठेवलेला नाही. ती मटकन खाली बसली.

आमच्या गुलाबांना ढीगभर घातलाय, असं मी सुचवून पाहिलं. पण जागची हलली की ती नुसती माती, वर काय आणि खाली काय हे दिसलं तरच पुरावा, असं तिने समजावलं. तळ्यासाठी खाणीच्या काठांना ढाळ देऊन माती दाबलेली, त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. बायकोने जेवताना भाजी आधी बहिणीला वाढली, मला शेवटी. मला स्वतःचाच भयंकर राग आला होता.

गुरुवारी मी खाणीला तीन फेऱ्या मारल्या. शेवटचा माल न्यायला एक ट्रक खाली उतरत होता. त्याच्याकडे बघता बघता मी कपाळावर हात मारला. ट्रक ज्या उतारावरून येत-जात, त्याच्या पोटात मी सोळा वर्षांत कधी बकेट घातली नव्हती. तो खोदला असता तर आम्ही वर आलो कशावरून असतो?

मालक म्हणाला, उतार पाण्याखालीच जायचाय, खुशाल काप, पण आधी मशीन वर आण. शुक्रवारी सकाळी मी वर उभा राहून उताराची कड पातळ पातळ कापत गेलो. दगडाळ चिकणमाती गेली, आणि खाली काळी रेघ सरळ उघडी पडली. मेहुणीने तिच्यावर नुसता हात ठेवला. इतका आनंद मला माझ्या पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

दुपारी सर आले आणि इस्त्रीच्या पँटीनिशी चिखलात गुडघे टेकून बसले. मातीत त्यांना किड्याचा एक पंख सापडला, अजून हिरवा चमकणारा. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि थर घसरल्याची खूण शोधत राहिले. मेहुणीपेक्षा मलाच जास्त घाम फुटला होता. शेवटी त्यांनी सुरीने काळ्याच्या खालचा भाग खरवडला. काळ्यातून निघालेली बारीक मुळं खालच्या वाळूत सरळ उतरली होती. घसरत आलेली माती अशी मुळं धरत नाही, एवढं मलाही कळलं.

"हे इथेच उगवलंय," सर म्हणाले. "मी तीस वर्षं चुकीचं शिकवलं. सोमवारी हिमयुगाचा तास तू घे."

मेहुणी आधी हसली, मग रडली, मग तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

सोमवारी मी मालकाकडे रजा टाकली आणि तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. सर माझ्या शेजारी होते, कोरी वही उघडून.