भट्टीच्या दारातला कोळसा

मी कोळसा आहे, आणि तोही जुना. मित्रांनो, लगेच हात झटकू नका. मी चुलीतला नव्हे. शहराचं सांडपाणी साफ करणाऱ्या केंद्रातला आहे. नारळाच्या करवंट्या जाळून, वर कडक वाफ देऊन मला घडवलं. त्या वाफेनं माझ्या कणाकणाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडली. तीच माझी कमाई.

उंच लोखंडी टाकीत मला भरलं. गाळ आधीच काढलेलं पाणी माझ्यातून झिरपायचं. दिसायला स्वच्छ, पण त्यात औषधांचे, साबणांचे, प्लॅस्टिकचे अंश लपलेले. काही तर संप्रेरकांची हुबेहूब नक्कल करणारे! संप्रेरकं म्हणजे शरीराचे निरोपे. कधी वाढायचं, कधी अंडी घालायची, हे ती सांगतात. खोटा निरोप मिळाला की मासे बिचारे गोंधळतात. असले बहुरूपी मी भोकांत धरून ठेवायचो. पाहुणे यायचे, नितळ पाणी बघून केंद्राच्या साहेबांची पाठ थोपटायचे. माझ्याकडे कोण बघतंय?

वर्षं गेली. माझी भोकं गच्च भरली. पाणी मात्र तसंच नितळ, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. एक दिवस प्रयोगशाळेतल्या ताई तणतणत आल्या.

“साहेब, नदीतल्या नर माशांच्या पोटात अंडी सापडलीत.”

“म्हणजे बापच बाळंत होणार?” साहेब हसले. “बरंय की, आईला तेवढीच विश्रांती!”

“हसा. उद्या नदीत पिल्लूच दिसलं नाही, की मग कुणाला हसाल? टाकीत येणारं आणि जाणारं, दोन्ही पाणी तपासलंय मी. काडीचा फरक नाही. कोळशाची भोकं भरलीत.”

साहेबांचं हसू मावळलं. “मग फेका तो. नवा आणू.”

ताईंनी मान हलवली.

“नवा यायला महिने जातील. याला भट्टीत घालू, चार दिवसांत परत कामाला लागेल. तोवर पाणी साठवण तळ्यात अडवू.”

“आणि तळं भरलं तर? माझ्या डोक्यावर ओताल?”

“म्हणूनच म्हणते, कोळसा न्यायला गाडी आत्ता मागवा.”

साहेबांनी फोन उचलला.

आता मी भट्टीच्या दारात पोत्यात बसलोय. आतली धग अशी, की धरून ठेवलेलं सगळं जळून जाईल. माझाही थोडा भाग राख होईल. दर खेपेला होणारच. होऊ दे. उरेन तेवढा पुन्हा टाकीत उभा राहीन.

मागणं एवढंच, की उरलेल्या गोळ्या, रंग, फवारणीची औषधं मोरीत ओतू नका. माझ्या भोकांनाही मर्यादा आहे. वर तुम्ही हात आवरा, खाली मी बघून घेतो.

भट्टीवाल्यानं पोतं उचललं. चला मित्रांनो, येतो.