राष्ट्रपतींना तार

त्र्याण्णवच्या जानेवारीत मुंबईत दंगल उसळली आणि आम्ही इथं शारजात गॅरेजमध्ये लोकांच्या गाड्यांचे पोचे काढत बसलेलो. मी फोरमन. आमचा पेंटर खैरुद्दीन, कोकणातल्या म्हसळ्याचा. त्याची बायको अन्वरी आणि दोन पोरी मुंबईत, चाळीत अडकलेल्या.

"भाऊ," तो मला म्हणाला, "अन्वरी विचारते, गावाला निघू काय? उद्या एक टेम्पो जातोय म्हणे. पण रस्त्यात गाठलं तर?"

पोचे काढणारा तय्यब डेंटर इथं फार जुना. त्याचा पासपोर्ट एकदा कफिलानं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकानं, दाबून ठेवला होता. हा सरळ शेखच्या मजलिसात, त्याच्या दरबारातच गेला, अर्ज हातात दिला, खलास, काम झालं. तेव्हापासून त्याला जगातलं सगळं तसंच चालतं असं वाटायचं.

"फौज कुणाची? राष्ट्रपतीची ना? मग त्यालाच तार कर."

मी म्हटलं, "अरे, आपल्याकडं तसं नसतं. राज्यानं मागायची, मंत्र्यांनी ठरवायचं, मग तो सही करणार."

"मग तो राष्ट्रपती कसला? तुझ्यासारखा फोरमन झाला."

हसलो. पण खैरुद्दीनच्या डोक्यात बसलं ते बसलं. तार गेली. घरी फोनही गेला, "निघू नकोस. राष्ट्रपतीला कळवलंय. फौज येईल, इन्शाल्ला."

आणि रेडिओवर आलं की, लष्कर उतरलं. तय्यबनं सगळ्यांना चहा पाजला. खैरुद्दीननं शेजाऱ्यांकडं फोन लावून अन्वरीला बोलावलं. मी बाजूलाच होतो, तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"आली फौज. मोठ्या रस्त्यानं गेली. पोरींनी खिडकीतनं बघितली. गल्लीत शिरायचा हुकूम नाही म्हणतात. त्या गाड्या वळल्या आणि दंगेखोरांनी मागची दुकानं पेटवली."

"मग आता?"

"आता काय. टेम्पो तर गेला."

फोन ठेवून तो भिंतीला टेकून बसला. तय्यब डोकं खाजवत म्हणाला, "यार, तारेत गल्लीचं नाव घालायचं राहिलं. दुसरी करू."

दुसऱ्या दिवशी तय्यब खरंच तार करायला उठला. चपला घालत होता तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला. मी घेतला. अन्वरी. म्हसळ्याहून.

खैरुद्दीननं रिसीव्हर हिसकावला. "कुणाला विचारून निघालीस?"

"कुणाला विचारायचं? तुम्ही राष्ट्रपतीला विचारत बसलात. कांद्याचा ट्रक होता, पोरींना गोण्यांच्या मागं बसवलं. पोचलो."

त्यानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग हळूच, "आणि घर?"

"कुलूप लावलंय."

फोन कटला. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "भाऊ, कुलूप लावलंय म्हणते."

"बरं केलं," मी म्हटलं.

त्यानं तोंडाला फडकं बांधलं आणि अर्धी राहिलेली गाडी रंगवायला घेतली.