पाट्याचा तुटका कोपरा

सौदीतल्या जेद्दाच्या विमानतळावर माझी बॅग सरकत्या पट्ट्यावरून उचलताना अलीच्या हातून निसटली आणि आत काहीतरी कडकन वाजलं.

"अम्मी, काय भरलंयस यात?"

"पाटा," मी म्हटलं. "आणि वरवंटा."

माझा लेक बॅगेवर हात ठेवून तसाच उभा राहिला. "दगड? म्हसळ्याहून? विमानातून? अगं, या देशात तेल आणि दगड, दोनच गोष्टींची कमी नाही!"

अझीझियातल्या त्याच्या घरी येऊन उघडून पाहिलं, तर पाट्याचा एक कोपरा तुटला होता. मी तुटलेला तुकडा फडक्यात बांधून पाट्याबरोबरच ठेवला. माझी सून अरवा म्हणाली, "अम्मी, मिक्सर आहे ना घरात." मी त्याच संध्याकाळी सुरमईसाठी पाट्यावर ओलं खोबरं आणि मिरची वाटली. त्यानंतर मिक्सरचा विषय तिनं काढला नाही.

म्हणूनच महिन्याभरानं सुट्टीत फिरायला जायचं ठरलं, तेव्हा अरवानंच सामानात पाटा ठेवला. अली कपाळाला हात लावत म्हणाला, "दगड घेऊन दगड बघायला चाललोय आपण."

ताइफ शहर मागं टाकून आम्ही पुढं गेलो. आधी तपकिरी वाळवंट होतं. मग जमीन हळूहळू काळी होत गेली आणि शेवटी दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर काळे दगडच दगड. इथं अशा जागेला हर्रा म्हणतात. फार पूर्वी इथं जमिनीतून तापलेला रस वाहिला आणि थिजून दगड झाला. मधोमध ज्वालामुखीचं भलंमोठं तोंड आहे आणि त्याच्या तळाला मिठासारखा पांढरा थर. आता ते सगळं राखीव उद्यान आहे. कडेपासून जरा दूर लाकडी खोल्या बांधल्या आहेत. आत भिंतीला लावलेले दुमजली पलंग आणि सौरऊर्जेचा एक दिवा, बाहेर शेकोटीसाठी दगडांचं कडं. बस्स.

"टॉयलेट कुठंय?" अरवानं विचारलं.

"बाहेर," अली म्हणाला. "त्या झाडाच्या पलीकडे."

"इथं झाड कुठंय?"

"तेच म्हणतोय. लांब आहे."

पाच वर्षांचा मुआज, माझा नातू, चवड्यांवर चालत माझ्याजवळ आला. "दादी, ज्वालामुखी झोपलाय ना?" त्यानं कानात विचारलं.

"झोपलाय."

"मग अब्बांना सांग, हळू बोला."

पण अब्बा, म्हणजे अली, कसले ऐकतात! डाळ चुलीवर चढवून ते ओरडत होते, "अगं, मीठ कुठं ठेवलंस?"

अरवानं उत्तर देण्याआधीच शेजारच्या खोलीतून बायकी आवाज आला, "आमच्याकडं आहे, देऊ का?"

काळ्या दगडांच्या त्या रानात मराठी ऐकून आम्ही सगळे एकमेकांकडं बघतच राहिलो. मीठ घेऊन आलेल्या बाईंचं नाव शालिनी. नवरा विवेक रियाधला बँकेत, अकरा वर्षांचा मुलगा शर्विल. मूळचे पुण्याचे. अर्ध्या तासात दोन चुलींची एक चूल झाली. विवेक मला काकू म्हणू लागले आणि शर्विल माझ्या नातीबरोबर, लाइबाबरोबर, विवराचं तोंड बघायला पळाला. दोघांचे बाबा त्यांच्यामागं गेले.

सूर्य मावळायच्या सुमारास सगळे परत आले, तेव्हा लाइबाचं तोंड उतरलं होतं. नऊ वर्षांची ही पोर; एरवी ती घरात शिरायच्या आधी तिचा आवाज शिरतो. आज गुपचूप जाऊन वरच्या पलंगावर भिंतीकडं तोंड करून झोपली.

मी खाली बसले. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. गप्प मुलाला विचारलं की ते आणखी गप्प होतं, हे मला माहीत आहे. मी फडक्यातली कोथिंबीर निवडत राहिले.

बऱ्याच वेळानं वरून आवाज आला. "दादी, मुझे घर जाना है."

"बरं. का गं?"

"शर्विल म्हणाला, त्यानं तीन ज्वालामुखी बघितलेत. टर्कीमध्ये एक, इटलीत एक आणि हा. मग मी पण बोलले."

"काय बोललीस?"

"की माझ्या दादीचं घरच ज्वालामुखीवर आहे. तो हसला. बोलला, महाराष्ट्रात ज्वालामुखी नाहीच, यू आर लाइंग. त्याचे बाबा पण बोलले, नाही बेटा, तिथं नसतो. उद्या सकाळी तो तुला विचारणार आहे. दादी, प्लीज, तू फक्त हो बोल ना. सिर्फ एक बार."

तेव्हा मला गेल्या मे महिन्यातली सकाळ आठवली. गावच्या घरामागं विहीर खोल करायचं काम चालू होतं आणि बाहेर काढलेल्या दगडांवर बसून मीच हिला सांगितलं होतं की आपला सगळा डोंगर कधीकाळी आग होता. तेवढं धरून पोर इतके दिवस जेद्दात मिरवत होती. तिच्या शाळेत कुणाचं गाव हैदराबाद, कुणाचं लखनौ. कोकणातलं म्हसळा म्हटलं की कुणाला ठाऊक नसतं. तिला आपल्या गावाला सांगण्यासारखं काहीतरी हवं होतं. उद्या ती सगळ्यांसमोर खोटी ठरली असती, तर गावाचं नाव परत तिच्या तोंडी आलं नसतं, याची मला खात्री होती.

"एवढंच म्हणालीस? ज्वालामुखीवर घर आहे?"

वर पलंगाची फळी करकरली. "रात्री लाल दिसतं, असं पण."

"आणि?"

"धूर निघतो. स्वयंपाकघरात."

मला हसू आवरेना. "धूर तर निघतोच, ओली लाकडं घातली की."

"दादी!"

"हे बघ. खोटं 'हो' मी म्हणणार नाही. पण 'नाही'सुद्धा म्हणणार नाही. तू सांगितलंस त्यातलं थोडं खरं आहे. आपण तांदूळ निवडतो ना, तसं निवडू. खडे तू काढायचे. उरलेलं मी सांभाळते."

"म्हणजे मी बोलायचं, की मी खोटं बोलले?"

"धुराबद्दल. आणि लाल रंगाबद्दल."

"आणि तो परत हसला तर?"

"हसू दे. हसून झालं की ऐकेल."

ती खाली आली नाही. पण थोड्या वेळानं वरून एक हात लोंबकळला आणि मी त्या हातात कोथिंबिरीची जुडी दिली.

सकाळी नमाज आटोपून मी खोलीपुढं चटई टाकली आणि पाटा मांडला. उन्हं नुकतीच काळ्या दगडांवर आली होती. अरवा आणि शालिनी तव्यावर तांदळाच्या भाकरी टाकत होत्या. मी चटणी वाटायला घेतली. त्या आवाजानं शर्विल आलाच.

"आजी, एक विचारू? तुमच्या घराखाली खरंच ज्वालामुखी आहे?"

लाइबा दारात उभी होती. तिचे दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात. मी वरवंटा थांबवला, पण तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला वाटलं असतं, दादी ढकलतेय.

"धूर निघत नाही," ती एका दमात म्हणाली. "लाल पण दिसत नाही. ते मी बनवून सांगितलं."

"बघा! मी म्हणालो होतो!" शर्विल उडालाच.

"पण बाकीचं खरं आहे."

"बाकीचं काय राहिलं मग?"

ती माझ्याकडं वळली. तिनं तिचे खडे काढले होते, आता पाळी माझी. "मला विचारू नकोस, शर्विल," मी म्हटलं. "मी गावची, मी गावाच्याच बाजूनं बोलणार. याला विचार." आणि मी पाट्यावरची चटणी ताटलीत काढून पाटा धुतला. "हा आमच्या डोंगरातला दगड. तुझ्या पायाखाली आहे तो इथला. दोघं भाऊ आहेत का, तूच सांग."

शर्विल हुशार मुलगा. त्यानं पाट्यावर हात फिरवला. "हा गुळगुळीत आहे. तो खरखरीत आहे."

"माझ्या सासूपासून वाटतोय आम्ही त्याच्यावर. गुळगुळीत होणारच."

"दादी, तुटलेला कोपरा!" लाइबा ओरडली. आत धावत जाऊन तिनं फडक्यातला तुकडा आणला. चुलीपाशी बसलेल्या अलीनं मान खाली घालून तव्यावरची भाकरी उलटली. शर्विलनं वाटेवरचा एक फुटका दगड उचलला आणि दोन्ही तुटक्या बाजू उन्हात शेजारी धरल्या. तोच काळसर राखाडी रंग, तसाच बारीक दाणा.

"पण याला भोकं आहेत," तो म्हणाला. "पाट्याला नाहीत."

मला उत्तर ठाऊक होतं. मी पाट्यावरचं पाणी पुसत बसले.

"विहिरीतल्या दगडांना होती!" लाइबा म्हणाली. "मी स्वतः बघितली. भोकांमध्ये पांढरं-पांढरं चमकणारं होतं. पाट्याला भोकंवाला दगड कसा चालेल? मसाला अडकेल ना!"

शालिनी खो-खो हसल्या. "बरोबर आहे गं बाई तिचं!"

शर्विल मात्र सोडणारा नव्हता आणि मला तो त्यामुळंच आवडला. "काळा दगड कुठलाही असू शकतो."

"मग आणखी एक करू," मी म्हटलं. "असल्या दगडात लोखंडाचा अंश असतो. लोहचुंबक आहे का कुणाकडं?"

शालिनींनी काल फाटकाजवळच्या दुकानातून फ्रिजवर लावायचं विवराचं चित्र घेतलं होतं. त्यामागं छोटी गोल चकती होती. विवेकनी ती चाकूनं उचकटली, आम्ही ती दोऱ्याला बांधली आणि मुलांनी श्वास रोखला. शर्विलनं दोरा धरला. लाइबानं इथला दगड हळूहळू जवळ नेला. चकती किंचित हलली, सरकली आणि टक्कन चिकटली.

"आता पाट्याचा!"

तुकडा जवळ गेला. चकती पुन्हा वळली आणि टक्क.

"वारा असेल," शर्विल म्हणाला, पण त्याचा आवाज बदलला होता. त्यानं पायवाटेच्या कडेचा एक पांढरा दगड आणला. चकती ढिम्म. लाकडी बाकाजवळ नेली. ढिम्म. परत पाट्याचा तुकडा. टक्क. मुआज टाळ्या पिटणार होता, पण झोपलेला ज्वालामुखी आठवून त्यानं दोन बोटांनीच टाळी वाजवली.

विवेक भाकरीचा तुकडा हातात धरून थांबले होते. "अहो काकू, हे तर आम्ही भूगोलात पाठ केलं होतं. लाव्हारसाचे थर. दख्खनचं पठार. आणि काल मी या पोरीला नाही म्हणालो." ते लाइबाकडं वळले. "सॉरी बेटा. माझा पेपर चुकला."

"किती मार्क?" लाइबानं विचारलं.

"शून्य."

"पाच देते. मीठ दिलं म्हणून."

शर्विल अजून चकतीकडंच बघत होता. "आजी, म्हणजे पुणं पण?"

"पुणं पण. तुझ्या आजीच्या घराच्या पायाचा दगडसुद्धा."

"आणि सिंहगड?"

"सगळा. फक्त आपल्याकडची आग फार जुनी, इतकी की तिच्यावर झाडं उगवली, गावं वसली. इथली अलीकडची, म्हणून अजून दिसते."

तो उभाच राहिला. "म्हणजे मी तीन नाही, चार बघितलेत! चौथ्यावर तर मी जन्मलो!" त्यानं लाइबाचा हात धरला आणि दोघं ओरडत कड्याच्या कठड्याकडं पळाले. मुआज ओठांवर बोट ठेवून त्यांच्यामागं "शूऽऽ" करत धावला.

दुपारी निघताना शर्विलच्या खिशात इथला एक दगड सापडला. उद्यानातून काही न्यायचं नाही, अशी पाटी फाटकावरच आहे. शालिनी रागावल्या, त्यानं तो मुकाट्यानं जागेवर ठेवला आणि गाडीत जाऊन बसला. लाइबानं ते पाहिलं. मग माझ्या हातातलं पाट्याच्या तुकड्याचं फडकं सोडलं आणि माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.

ती त्यांच्या गाडीच्या खिडकीशी गेली. "हा घे," ती म्हणाली. "हा न्यायला चालतो. माझ्या दादीच्या ज्वालामुखीचा आहे."

शर्विलनं तुकडा दोन्ही हातांनी घेतला.

"चला," अली गाडी चालू करत म्हणाला, "निदान तेवढं तरी वजन कमी झालं. यल्ला!"

मागच्या सीटवर मुआज पाट्याशेजारी बसला होता. "दादी, हा पण झोपलाय?"

"हो रे."

त्यानं आपला सीटबेल्ट ताणून पाट्यावरूनही घेतला आणि ताइफ येईपर्यंत आम्हा सगळ्यांना कुजबुजत बोलायला लावलं.