ग्लासवरचा कांदा

आई गेली त्याच्या पाचव्या दिवशी जीवशास्त्राच्या बाई शाळेत हजर झाल्या. रजा शिल्लक होती, पण घरात बसून भिंतींची तोंडं किती बघणार? डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं.

सोबत त्यांनी पाण्याच्या ग्लासवर ठेवलेला कांदा आणला होता. प्रात्यक्षिकासाठी दरवर्षी तो आईच ठेवायची. यंदाही ठेवला आणि दुसऱ्या दिवशी गेली. मुळं मात्र बोटभर वाढली होती.

बाईंनी मुळांची टोकं कापली, रंगवली, काचपट्टीवर अंगठ्याने दाबली. हात आपोआप चालत होते.

"हे सूत्री विभाजन," त्या म्हणाल्या. "एका पेशीच्या दोन होतात, दोन्हींत सगळी गुणसूत्रं. शरीर असंच वाढतं. अर्धसूत्री विभाजन बीजपेशी तयार होताना होतं. त्यात निम्मीच पुढे जातात. म्हणून आपल्यात निम्मी आईची, निम्मी वडिलांची."

"मग आईची उरलेली निम्मी?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"ती आईबरोबरच जातात," बाई म्हणाल्या आणि फळा पुसायला वळल्या. फळ्यावर अजून काहीच लिहिलेलं नव्हतं.