दहा वेळा छान

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं घालवलेला कारागीर मोबाईलवर डाफरत होता. शिवणकामाच्या ऑनलाइन मंचावर एका बाईनं विचारलं होतं, "मशीनची मोटर कुरकुरते, काय करू?" आणि नावापुढे तीन तारे असलेल्या सभासदानं ठोकून दिलं होतं, "मोटरमध्ये तेल सोडा."

"अगं, मोटर जळेल तिची. मला लिहू का देत नाहीत?"

"बाबा, तुम्ही आजच आलात," लेक म्हणाली. "आधी दहा जणांच्या कामाला 'छान'चं बटण दाबा, मग उत्तर देता येतं."

"आणि या दीडशहाण्याला तारे कशाचे?"

"तो रोज सगळ्यांना छान म्हणतो."

दातओठ खात त्यानं बटण दाबायला घेतलं. तिरक्या काजाला छान, सुरकुतलेल्या कॉलरला छान, उसवलेल्या बाहीलाही छान. दहावं झालं, उत्तराची चौकट उघडली, तोवर बाईचा निरोप आला होता: "तेल सोडलं. आता धूर येतोय."

तळपायाची आग मस्तकात गेली, तरी त्यानं शांतपणे लिहिलं, "ताई, आधी प्लग काढा. मशीन माझ्याकडे आणा, मोटर मी बघतो." खाली दुकानाचा पत्ता घातला.

मग त्यानं दहाही 'छान' एकेक करून परत घेतले.