फसफसणारा दगड

ज्या वर्षी दगडवाल्याच्या धाकट्या मुलीचं लग्न दोनदा मोडून तिसऱ्यांदा जमलं, त्याच वर्षी त्याच्या कारखान्यापुढे रांग लागली. गिऱ्हाइकांची नव्हे, भाविकांची.

करवतीखाली चुनखडीचा एक धोंडा चिरला, तर आत वाटीत वाटी बसवावी तशा शेकडो रेषा निघाल्या. चाळीस वर्षं दगड कापूनही त्याने असं पाहिलं नव्हतं. बातमी पसरली आणि दुसऱ्याच दिवशी एक स्वामी उगवला. त्याने झारीतलं पाणी दगडावर ओतलं. दगड फसफसला!

"श्वास घेतोय!" स्वामी गरजला. "आत जीव आहे! दगड धुतलेलं पाणी प्या, औषधाच्या गोळ्या फेका. गोळीवाल्या घरावर दगड रुसतो!"

पहिले हात कोणी जोडले? दगडवाल्यानेच. थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, रक्तदाबाच्या गोळ्याही त्यानेच माळ्यावर टाकल्या.

"अरे, मला गरगरतंय."

"गुण येतोय, आक्का."

पाचव्या दिवशी आक्का न्हाणीघरात कोसळली. डॉक्टरांनी कशीबशी वाचवली. शाळेत विज्ञान शिकवणारी दगडवाल्याची थोरली मुलगी दवाखान्यातून तडक कारखान्यात आली. तिने स्वामीच्या हातातली झारी हिसकावली, हुंगली आणि कोपऱ्यातल्या चुनखडीच्या साध्या तुकड्यावर उपडी केली. तोही फसफसला.

"अण्णा, ओटा बसवल्यावर गिऱ्हाइकाला काय बजावता?"

"लिंबू सांडू नका, पॉलिश खाईल..." एवढं बोलून त्याने तिच्या हातातली झारी घेतली आणि स्वतः हुंगली. जन्मभर लोकांना शिकवलं आणि स्वतः कोरडा पाषाण!

"झारीत लिंबाचा रस आहे. आंबट रस लागला की चुनखडीतून वायू सुटतो, त्याचा हा फेस."

"मग त्या रेषा गं?" रांगेतल्या एका म्हातारीने विचारलं.

"आजी, डोळ्यांना न दिसणारे जीव उथळ पाण्यात थरावर थर रचत गेले, त्यांचा दगड झाला. आत जीव होता, हे स्वामी खरं बोलले. फक्त यायला जरा उशीर झाला त्यांना!"

हशा ओसरेपर्यंत स्वामी मागच्या दाराने पसार झाला होता.

दगडवाल्याने तो दगड दारातच ठेवला. कोणी हात जोडले की म्हणायचा, "त्याला नको, डोक्याला विचारा. आणि गोळ्या थांबवायच्या का, ते डॉक्टरला. मी दोघांनाही विचारलं नव्हतं."

"दगड ओळखता येईना, म्हणे दगडवाला!" आक्का आल्यागेल्याला सांगायची.

दगडातले जीव मेले दोनशे कोटी वर्षांपूर्वी. आक्का गेली त्यानंतर नऊ वर्षांनी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, झोपेत. म्हणजे दगडातल्यांनंतर नव्हे, त्या पडण्यानंतर. उशाशी गोळ्यांचा डबा होता.